रुपेरी काप

सुखुमीच्या टेकडीवर, माकडांच्या पिंजऱ्यांमागे
आमची खोली. खिडकीतून निलगिरी, त्यापलीकडे समुद्र.
तिथे एकवीस वर्षं मी काचा मोडल्या.
सुरी काचेचीच लागते. पट्टी अशी मोडायची
की धार आपली आपण उमटावी.
ती धार दुपारपर्यंतच टिकते.

राळेत गोठवलेला मूत्रपिंडाचा कण,
मोहरीच्या दाण्याच्या निम्मा.
त्याचे काप एकेक करून पाण्यावर उतरतात.
जांभळा दिसला तर जाड, टाकून द्यायचा.
सोनेरी असेल तर बघू.
रुपेरी आला की श्वास रोखायचा,
नुसत्या उच्छ्वासानंही तो भरकटतो.
मग काडीला चिकटवलेला पापणीचा एक केस
(पापणी माझ्या बहिणीची, शाझिनाची;
तिच्या लांब होत्या, माझ्या नाहीत)
त्या केसानं हाकत हाकत
तांब्याच्या जाळीपर्यंत न्यायचा त्याला,
बदकाच्या पिलाला नेतात तसा.

अंधारात, हिरव्या पडद्यावर
मग ते पटल दिसायचं.
अलीकडे रक्त, पलीकडे मूत्र,
मधे एवढंसंच काही:
फिकट, गडद, पुन्हा फिकट.
डॉक्टर तारबा म्हणायचे, साय आहे ही,
दुधावरची नव्हे, जिवावरची.
पाण्याला वाट देते, मिठाला देते,
सत्त्वाला दारातूनच माघारी धाडते.
पलीकडच्या अंगाला पेशींची पावलं रोवलेली,
एकमेकींच्या बोटांत बोटं अडकवून,
जत्रेत हरवू नये म्हणून पोरं धरतात तशी.
मी पट्टी लावायचे. दहा जागी मोजायचे.
सरासरी वहीत.

ग्लाशा: हमाद्रियास बबून, मादी, म्हातारी.
मला ओळखायची. मँडरिन सालीसकटच मागायची,
सोललेलं दिलं तर फेकून मारायची.
ती गेली तेव्हा तिचंही पटल पाहिलं.
वयानं जाडावलेलं,
गाळ बसलेल्या पाटाच्या काठासारखं.

शाझिनाचा कण त्याच हिवाळ्यात आला,
हॉस्पिटलातून, रुमालात गुंडाळलेल्या बाटलीत.
दुसरं यंत्र शहरात नव्हतं.
तारबा म्हणाले, हा तू कापू नकोस.
मीच कापला.
तिच्याच पापणीच्या केसानं हाकला.
पडद्यावर पाहिलं आणि घरी जाऊन तिला सांगितलं,
यंत्र जुनं झालंय गं, नीट दिसत नाही.
ती मँडरिन सोलत होती,
फोडींवरच्या पांढऱ्या दोऱ्यासुद्धा काढत,
नेहमीसारखी.
म्हणाली, मग तू कशाला रडतेस?

पुढे युद्ध आलं. वीज गेली, पिंजरे उघडे पडले.
शाझिना ते बघायला उरली नव्हती.
घर जळलं, त्यात अल्बम:
तिचं लग्न, शाळेतली रांग,
समुद्रात गुडघाभर उभी राहून डोळे मिटलेला तो एक फोटो.

परवा दाऊरनं तळघरातून पेटी वर आणली.
काचेच्या निगेटिव्ह. ओलीनं लेबलं गळून
तळाशी नुसता लगदा.
त्यात माझा रुमाल, रुमालात दोन काचा.
तुलनेसाठी म्हणून मीच बांधून ठेवलेल्या.
एकमेकींना चिकटल्या होत्या,
किटलीच्या वाफेवर सुट्या केल्या.

एक ग्लाशा. एक माझी बहीण.
तीस हजार पट मोठी,
आणि चेहरा नाही.
खिडकीशी धरल्या. निगेटिव्हवर सगळं उलटं:
गडद, फिकट, गडद.
पट्टी लावली. दहा जागी.
पुन्हा दहा जागी.
दाऊर म्हणाला, बाई, नीट बघा,
माणसाचं काहीतरी वेगळं असेलच की.
मी म्हटलं, असेल.

जिथे फोटो टांगला असता
तिथल्या फळीवर दोन्ही काचा उभ्या केल्यात.
पुढ्यात दोन मँडरिन,
एक सोललेलं, एक सालीसकट.
कुठलं कुणापुढे ठेवायचं
ते अजून ठरत नाही,
म्हणून तूर्त मधोमध.