सीट अधिक कंबर वजा मान

दुपारी एक ते तीन शटर अर्धं खाली.
जोतिबा रोड जेवायला गेलेला.
ऋजुता फोनवर सूत्र उघडून बसली,
मी ट्रायलच्या पडद्याआड.
गळ्यातली टेप बावीस वर्षांत
पहिल्यांदाच माझ्या अंगाला लागणार.

टेपचा पहिला अर्धा इंच तुटलाय.
माझे हात तो आपोआप काढतात,
फोनला सांगावं लागतं.

मान साडेतेरा.
कंबर, सगळ्यात बारीक असेल तिथं.
ती जागा शोधण्यात बराच वेळ गेला.
"पोट आत नको ओढू, आई."
हे मी दर संक्रांतीला सासनेवहिनींना सांगते,
त्या काही श्वास सोडत नाहीत,
म्हणून वहीत अर्धा इंच वाढवूनच लिहिते.

मी सोडला. छत्तीस.
सीट एक्केचाळीस.

त्याच वहीत मेवेकरीकाकूंची छाती आहे,
ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची,
डावीकडं अस्तरात कापूस, किती तोळे तेही.
मुजावरांच्या यास्मिनचे दोन इंच आहेत
जे तिच्या सासूच्या आधी मला कळले.
वही मी रात्री घरी नेते.

"कंबर नि सीट मिळवायची,
त्यातून मान वजा करायची."
मान का वजा?
"तसंच असतं गं."
हे गणित मला लग्न झाल्यापासून येतं.

एक्केचाळीस टक्के.
"अडुसष्टातले अठ्ठावीस किलो, आई. नुसती चरबी."
म्हणजे गुळाचा एक रवा, दोन किलो कमी.
मामंजी मार्केट यार्डात असे रवे पाठीवर वाहायचे,
संध्याकाळी कण्हायचे.
मी माझा घेऊन रोज जिना चढते
आणि पायमशीन मारते,
कुणी हमाली देत नाही.

तेल कमी कर, म्हणाली. पहाटे रंकाळ्याला चल.
जाईन.
पण शिवणीच्या आत आम्ही कापड दुमडून सोडतो,
पुढंमागं अंग भरलं तर उसवून सैल करायला.
त्याला माया म्हणतात.
ती न ठेवणाऱ्याकडं बायका दुसऱ्यांदा जात नाहीत.
हे ऋजुताला सांगणार होते,
तिनं तोवर फोन चार्जिंगला लावला.

वहीच्या नव्या पानावर तीन आकडे उतरवले.
नावाच्या जागी काय लिहावं कळेना.

शटर वाजलं. सासनेवहिनी,
कापडाची पिशवी काखेत,
श्वास उंबऱ्यातूनच आत ओढलेला.