मुदत

गावाचं नाव हल.
आमच्याकडे हल म्हणजे नांगर,
आणि नांगर शेतातलाही, जहाजाचाही.
डोरीनला हे सांगितलं तर म्हणाली,
इथे दोन्ही गंजलेत.

चार नंबरच्या दालनात माझी खुर्ची.
समोर लाझारो कॅनेव्हारी,
जेनोव्हाने निवडून दिलेला दोजे:
लाल झगा, हातांवर सूज,
डाव्या डोळ्याखाली
चित्रकाराने न झाकलेली चामखीळ.

पाटीवर चारच ओळी. बाकीचा तो मला
वरच्या मजल्यावरच्या फायलीत भेटला,
डबा खाता खाता.
मिठाचा व्यापारी. दोन जहाजं बुडाली, तिसरं तरलं.
एकसष्टाव्या वर्षी मतं पडली,
घंटा वाजल्या, मुकुट आला
आणि राजवाड्याचं दार लागलं.

दोन वर्षं. एक दिवस इकडे नाही की तिकडे.
दोन सरदार मुक्कामाला,
म्हणजे सोबतीला,
म्हणजे पहाऱ्याला.
बंदरावर जायचं तरी ठराव हवा.
दुसऱ्या हिवाळ्यात टेकडीवरच्या घरी बायको गेली.
जाऊ द्यावं, असा ठराव झाला खरा.
त्यांच्यात हे मोजत नसतील, पण मी तारखा मोजल्या:
तेरावा दिवस.

खिडकीतून शिडं मोजत बसायचा, असं कुणीतरी लिहिलंय.
मीही मोजते. शाळेची मुलं, ओल्या छत्र्या,
ऊब शोधत आत आलेले पेन्शनर.

मुदत संपली त्या सकाळी चिटणीस आला,
लवला, ठरलेलं वाक्य बोलला:
महाराज, आपला काळ भरला,
साहेब, आता घरी जावं.
स्वल्पविरामाच्या अलीकडे महाराज,
पलीकडे साहेब.
मधे श्वास घ्यायलाही जागा नाही.

माझ्या पत्रात तेवढंही नव्हतं.
'प्रिय सहकारी', आणि खाली तारीख.
माझीही दोनच वर्षं, पण मला कुणी
कधी महाराज म्हटलं नव्हतं,
त्यामुळे उतरायला पायरी नव्हती.

शेवटच्या संध्याकाळी दिवे मालवायला गेले.
डोरीन जिन्यात किल्ल्या घेऊन, खोकत.
म्हटलं, साहेब, आता
आणि अडले.
दीडशे वर्षं या भिंतीवर असलेल्याला
घर कुठलं सांगायचं?

निघताना जाते म्हणू नये.
नाही म्हटलं.
एक दिवा तेवढा राहू दिला, चामखिळीवरचा.
डोरीनने नंतर बंद केला असेल.
नियम आहे तसा.