वजनाची वही

पुजारी सांगतात, ती वादळाच्या पोटी जन्मली.
शिपाई म्हणतात, काळ्या डोंगरापलीकडच्या
कुठल्याशा चेटकिणीने अंड्यांतून उबवली.
म्हणोत.
केल्दूमचा तराजू माझ्या बापाकडे होता
आणि वही मी लिहीत होते.

तीन वर्षं मिठागरांत मीठ धरलं नाही.
चौथ्या वर्षी खालच्या दऱ्यांतले व्यापारी आले,
खेचरांवर जवाची पोती.
म्हणाले, मीठ नको. वजन विकता का?
कशाचं?
कशाचंही.

आधी दारांचं विकलं.
दारं वाऱ्याने आपली आपण उघडमीट करू लागली,
एवढंच. कुणाचं काही अडलं नाही.
मग ऐरणीचं, जात्यांचं.
म्होरक्याने दिल्या शब्दाचं वजन विकलं,
त्यात फारसं काही भरलं नाही.
मग मेलेल्यांचं.
त्या रात्री दोर्मेक लोहाराचा आजा
छपरांवरून तरंगत गेला,
हात छातीवर तसेच जोडलेले.
आम्ही हसलो.
पोटात जव होते, म्हणून हसता आलं.

हिवाळा लांबला.
मोठ्यांच्या हाडांना भाव नाही, व्यापारी म्हणाला,
झिजलेली असतात.
पुढचं तो बोलला नाही, पाळण्याकडे पाहिलं फक्त.

नोंद माझ्याच अक्षरात आहे:
येस्राचा तिर्वू. सात महिने. जव एक पोतं.
बापाने ठेवला तेव्हा तो साखळीशी खेळत होता.
खाली गेलेलं पारडं
अलगद वर आलं.
तो खुदकन हसला,
झोका वाटला असावा त्याला.

अशा एकोणचाळीस.

मग गावभर पोरांच्या घोट्यांना दोऱ्या.
आया खाली ओढून घ्यायच्या, पाजायच्या, सोडायच्या.
दूध अंगी लागेना.
हाडं पोकळ होत गेली,
काखेतली कातडी ताणत ताणत
बोटांच्या टोकांशी पोचली.
वाऱ्यावरच राहायचं तर
शरीर काहीतरी शोधतंच.

दोऱ्या कुणी कापल्या, हे केल्दूममध्ये विचारायचं नसतं.
येस्राने कापली नाही.
तिची रिकामी दोरी मी पाहिली आहे,
टोक कुरतडलेलं
बारक्या, दुधाच्या दातांनी.

आता दर पानगळीत ती येतात.
मेंढ्या नेतात, नांगर नेतात,
एकदा तर देवळाची घंटा नेली.
भुकेली आहेत, म्हणतात लोक.
मी उतरले होते एकदा कड्याच्या कपारीत:
मेंढ्या शाबूत होत्या, एकीलाही दात लागलेला नव्हता,
आणि ते अवाढव्य, खवल्याखवल्यांचं जनावर
घंटेला कवटाळून गाढ झोपलं होतं.
झोपेत उडून जाऊ नये म्हणून
काहीतरी जड लागतं जवळ.

काल शिपायांनी एक मारलं.
सात बाण लागले, तरी पडेना,
आकाशातच मेलं आणि तिथेच राहिलं.
आकड्यांनी ओढून चौकात आणलं,
खुंटीला बांधलं.
घोट्यावर गाठ होती, मांसात रुतलेली,
डावखुरी, दुहेरी.

गावात डावखुरी एकच.

ती आली, चुलीतला दगड घेऊन,
अजून राख चिकटलेला.
त्याच्या छातीशी ठेवला,
एक पंख त्यावर दुमडला, मग दुसरा.
खुंटीची दोरी सोडताना म्हणाली,
आता राहील खाली.