दोन रकाने

बावीस वर्षं मीटरं वाचतोय या पट्ट्यात.
कुत्री ओळखतात माझी सायकल,
बाया ओळखतात पिशवी.
मी दारात आलो की
घरातलं बोलणं जरा खाली बसतं.

मनकर्णाबाई गित्तेची गिरणी, ओढ्याच्या अल्याड.
तिच्या ओट्यावरून परळीच्या चिमण्या दिसायच्या,
आणि ओट्यावर कंदील.
लाईट यायची रात्री दोनला,
न कळवता आलेल्या पाहुण्यासारखी.
ज्वारीचे डबे रांगेत, बाई उठून पट्टा चढवायची,
अर्धा डबा दळला की
पाहुणा निघालेला असायचा.

एका साली धरण आटलं
आणि चिमण्याही निजल्या.
तेव्हा कळलं, कोळसाही पाणी पितो.
"ऊन तेवढं पीत नाही,"
मणियारांची सादिया म्हणाली,
आयटीआयला वायरमन शिकून आलेली, एकटीच पोरगी त्या वर्गात.

पहिल्यांदा भाव विचारला तेव्हा
एक प्लेट दुभत्या म्हशीच्या मोलाची.
बाईनं पदर सावरला, गप बसली.
तीन उन्हाळ्यांनी भाव शेळीवर आला.
मग बचत गट बँकेच्या पायरीवर बसला सकाळपासून,
अनुदानाचा कागद तीनदा माघारी,
एकदा तर नुसत्या आडनावाच्या वेलांटीवरून.
सादियानं पत्र्यावर चढून
साडीच्या काठानं सावली मोजली.

आता गिरणी दिवसा फिरते.
बाया उजेडी येतात, उजेडी जातात,
पीठ कोमट लागतं हाताला.
अंघोळीच्या उरल्या पाण्यात फडकं पिळून
बाई प्लेटा पुसते, लेकराचं तोंड पुसावं तशी.

शनिवारी गिरणी बंद.
ऊन काही शनिवार पाळत नाही.

आज मीटरवर दोन आकडे:
घेतले एकशे बारा.
दिले एकशे चाळीस.
मी चष्मा पुसला. परत वाचलं.
माझ्या वहीत दुसरा रकानाच नव्हता,
पट्टीनं आखला.

"बाई, यंदा हापिसच तुमचं देणं लागतं."

ती हसली नाही.
प्लेटांखाली पत्रा आता भाजत नाही,
तिथं तिनं पोतं अंथरलं,
चहा टाकला.
बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हणालं, बसा.

मी बसलो.
कपाच्या कानाला पीठ लागलेलं.
"मग," ती म्हणाली,
"वसुलीला मी कोणत्या वारी येऊ?"