नो बिनो

डिसेंबर. कर्वे रोड, दुसरा मजला.
तिन्ही बॅचना नाताळचा एकच सिनेमा.
दार लावून घेत आई म्हणते : नो बिनो.

चारची बॅच खिदळते.
"चहाबिहा, तसं नो-बिनो?"
कैवल्य वही चाळतो : बिनो म्हणजे वाइन, सर.
वाइन संपली. असू दे.
ताटं मोजा पाहू स्पॅनिशमध्ये.
सेइस. सहा. शाब्बास.

सहाच्या बॅचला क्रियापद दिसतं.
भूतकाळ, तृतीय पुरुष, एकवचन :
तो आला नाही.
फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली.

साडेसातला सबटायटल्स बंद.
रास्तेबाई, वय अडुसष्ट,
वालेन्सियातल्या नातवाला मराठी येत नाही म्हणून
तीन वर्षं न चुकता येतात.
चष्मा पुसत म्हणाल्या,
"सहावं ताट ती शेवटपर्यंत उचलत नाही,
बघितलंत ना, सर?"

आज तिसऱ्यांदा पाहत होतो.
नव्हतं बघितलं.