जिनिंगचा काटा

भरली गाडी, खाली गाडी.
अठरा वर्सं मी हेच लिहितो.
दाहा किलो इकडं-तिकडं
या काट्याले समजत नाही.

काल ड्युटी सुटता सुटता आचल आली.
चपला काढल्या, बांगडी काढली,
मोबाइल माह्या टेबलावर पालथा ठेवला
अन् ट्रक उभा राहते तिथं जाऊन उभी राहिली.
"पाहा ना बाबा, किती दाखवते."
येडी हाय काय, म्हटलं, हसलो.
थे हसली नाही.

माय म्हनते, पोरगी रातभर अभ्यास करते.
गोधडीतून उजेड येते खरा.
एकदा वाकून पाहिलं तं पोरीच पोरी,
कोन्या गावच्या कोन जाने,
गळ्याखालची हाडं दाखवत होत्या
नवा दागिना दाखवावा तशा.
खाली कोनीतरी लिहिलं होतं, वा रानी.
आमच्या घरी तिले रानी
कधी कोनी म्हटलं नाही.

भुलाबाईची खिरापत ओळखाले हीच पुढं असे.
डबा कानाशी हालवून सांगे, फुटाने! मुरमुरे!
यंदा डबा हातात घेतला,
न हालवताच बाजूच्या पोरीले देल्ला.

मी उठलो. तिच्याजवळ जाऊन
लोखंडावर उभा राहिलो.
दोघाइचा मिळून एकच आकडा आला.
"याच्यात माहे किती?"
पावती मी खिशात घातली.

उद्या सेवाग्रामच्या दवाखान्यात जा लागते.
पयली गाडी सहाले.
माय म्हने, डबा भरू काय सोबत?
आचल भिंतीकडं तोंड करून निजली होती,
झोपली नव्हती.
भर, म्हटलं मी.