सहा मिलिमीटर

फॉर्मवर लिहिलंय : विराज धोत्रे,
वय अकरा महिने, पुरुष.
मुक्काम मानखुर्द, ट्रान्झिट कॅम्प, पाचवा मजला.
नमुना : रक्त, दोन मिली.

दोन मिलीसाठी चौघांनी धरलं असणार त्याला.

परवा बाटली ढगाळली.
काल प्लेटवर वसाहती उगवल्या, गुलाबी, चिकट, ओथंबलेल्या,
जत्रेतल्या साखरेच्या कापसासारख्या.
एकोणीस वर्षं झाली या टेबलाला,
तरी मला त्या अजून सुंदरच दिसतात.
हे मी कुणाला सांगत नाही.

आज सकाळी सहाला इन्क्युबेटर उघडला.
आत सदतीस अंश, कुशीत असते तेवढीच ऊब.
आठ चकत्या, आठ औषधं.
नियम साधा आहे :
औषध चाललं तर चकतीभोवती अंगण पडतं,
सारवल्यासारखं स्वच्छ,
जंतू तिथं पाऊल ठेवत नाही.
मी पट्टी लावते, अंगण मोजते, रजिस्टरात लिहिते.

पहिली, सहा.
दुसरी, सहा.
तिसरी, चौथी,
सहा मिलिमीटर म्हणजे नुसती चकतीच.
अंगण नाहीच.
गवत थेट उंबऱ्यापर्यंत आलेलं,
उंबऱ्याला टेकून बसलेलं,
घरात माणूस आहे की नाही, याची फिकीर नसलेलं.
पाचवी. सहावी.

पूर्वी मी 'आर' लाल शाईनं लिहायचे.
स्टोअरवाल्यानं एकदा विचारलं,
खरातबाई, एवढ्या लाल रिफिली कशाला लागतात हो?
आता सगळं निळ्यातच लिहिते.

त्याची आई काल खिडकीशी आली होती.
रिपोर्ट वॉर्डात जातो, इथं मिळत नाही, मी म्हटलं.
तिनं तरी पिशवी उघडलीच.
तीन बाटल्या.
एक गल्लीतल्या डॉक्टरची,
एक मेडिकलवाल्यानं अंदाजानं दिलेली,
एक थोरल्या मुलीची, मागच्या थंडीतली,
अर्धी उरलेली,
शेजारणीच्या फ्रिजमध्ये जपून ठेवलेली.
"काहीच वाया नाही घालवलं, बाई."
तिच्या आवाजात एवढासा अभिमान होता
आणि तो खोटा नव्हता.

मी काय बोलणार.
माझ्या घरी फ्रिजवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे.
त्यात कापलेल्या पट्ट्या, दोन गोळ्या, तीन गोळ्या,
ताप उतरला त्या दिवशी थांबवलेल्या.
आई म्हणायची, असू दे, उद्या कुणाला लागेल.
आम्ही अर्ध्यावर सोडलेला एकेक धडा
कुणीतरी शेवटपर्यंत गिरवत होतं,
आमच्याच छातीत बसून.

सातवी, चौदा.
ना धड इकडे, ना तिकडे.
आठवी.
मी चष्मा पुसला.
एकवीस.
पट्टी आडवी फिरवून मोजलं, एकवीस.
उजेडाकडे धरून, एकवीस.
रुपयाच्या नाण्याएवढं अंगण, जेमतेम.
रांगत्या पोराला पुरेल का, ठाऊक नाही.

बाहेर माहुलच्या रिफायनरीची ज्योत
उजाडलं तरी जळतच होती.
वॉर्डात फोन लावला. बराच वेळ वाजला.
सिस्टर पिंटोनं उचलला :
"धोत्रे? बेड सात ना? थांबा हं, जरा..."
आणि रिसीव्हर टेबलावर ठेवला.

मी कान लावून उभी.
ऑक्सिजनच्या बाटलीची बुडबुड.
कुणाच्या तरी मोबाइलवर कार्टून.
स्टीलचा ट्रे पडला, कुणी कुणाला ओरडलं.
मग एक खोकला,
ओला, खोल,
ज्या छातीतून आला तिच्याहून मोठा.
कुणाचा, ते फोनवरून कळत नाही.

पट्टी अजून माझ्या हातात.